अस्तित्वात नसलेल्या वहिनीकडून

मेला नव्हतात, तर तसं कळवायला काय झालं होतं? मेलेलं माणूस कळवत नाही हे मी समजू शकते, त्याची अडचण असते. जिवंत माणसाला काय धाड भरली होती? तुमच्यापायी मी त्या दिवसांत धड जेवले नाही (जेवले, पण चव लागली नाही, कवळी नवी आहे म्हणूनही असेल), आणि वर तुमचा मुलगा माझ्या दाराच्या पायरीवर बसून असा रडला की समोरच्या घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. हे आधी सांगून टाकलं. पोटात ठेवलं असतं तर पुढचं अक्षर वाकडं आलं असतं, आणि माझं अक्षर मुळात किती सरळ असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता रीतीचं. थोरल्या वन्संना वहिनीचा नमस्कार. वयाला आहे, स्वभावाला नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे होते तिथेच आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे तुमचं, आता तरी माणसं ओळखू येतात का? माझा रक्तदाब बरा आहे असं ऐकते. ऐकते म्हणजे, हल्ली तो मला कोणी सांगत नाही. दंडाला पट्टा बांधला की आकडा परस्पर डॉक्टरच्या टेबलावर जाऊन पडतो आणि मग मला डॉक्टरला विचारावं लागतं, बाबा रे, मी कशी आहे. घरात सगळ्यांची तब्येत ठीक. तब्येत फक्त भिंतीवरच्या डब्याची बिघडते, आणि ती बिघडली की आम्ही सगळे आजारी. हे सगळं रामायण त्या डब्याचंच आहे, म्हणून नीट बसून वाचा. चष्मा लावा.

तुम्ही या घरात होतात तेव्हाच्या तारा आठवतात ना? फोनची काळी तार खांबावरून खिडकीतून यायची, टीव्हीची गच्चीवरून, बेलची दाराच्या चौकटीवरून. बघायला घाण, पण प्रत्येकीचा संसार वेगळा होता. टीव्ही मेला तर बेल वाजायची, बेल मेली तर फोन वाजायचा, आणि घरातली वीज गेली तर एकटा फोन जिवंत राहायचा, कारण त्याची वीज त्याच्या तारेतून लांबून यायची (असं तुमचे भाऊ सांगायचे, आयुष्यात ते एवढी एकच गोष्ट खरी सांगून गेले). नातवाचं लग्न झालं आणि नातसून आली. मुलगी चांगली आहे. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे वाचताना तसं वाटणार नाही. तिचं कामच तारांचं. कुठल्याशा मोठ्या गार खोलीत माणसाएवढी कपाटं उभी आहेत, त्यांच्यात जगाचं बोलणं, चित्रं, हिशेब जाऊन बसतात, आणि त्यांच्या तारा ही सांभाळते. पूर्वी तिथेही म्हणे बोलण्याची तार वेगळी, साठवणीची वेगळी. आता सगळं एकाच तारेतून. तिने आमच्या घरातही तेच केलं. भिंतीतल्या सगळ्या तारा ओढून काढल्या (पोपडे अजून तसेच आहेत, चिरंजीव म्हणतात रविवारी भरतो, कुठल्या रविवारी ते सांगत नाहीत), दोऱ्याएवढी एक काचेची तार आत घेतली आणि तुमच्या भावांच्या फोटोखाली एक पांढरा डबा ठोकला. फोन त्यातून, टीव्ही त्यातून, बेल त्यातून, दाराचं कुलूप त्यातून, पाण्याची मोटर त्यातून, माझा रक्तदाब त्यातून. आता तुमचे भाऊ आणि तो डबा, दोघंही भिंतीवरून नुसते बघत असतात आणि हवे असतात तेव्हा कामाला येत नाहीत.

मी तिला म्हटलं, अगं, एकत्र कुटुंब आम्ही मोडलं ते काय उगाच? ते तू तारांनी पुन्हा उभं केलंस? एकाला ताप आला की आता सगळं घर अंथरुणात. तर ती हसली आणि मला समजावायला बसली. तिचा धीर मोठा आहे. म्हणाली, आजी, तुम्ही फोनवर बोललात की तुमचा आवाज अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याची पुडी, पुडीवर पत्ता आणि नंबर, आणि त्या पुड्या वेगवेगळ्या वाटांनी जाऊन पलीकडे पुन्हा जुळतात. म्हणजे मी जन्मभर तोंड सांभाळून काही फायदा झाला नाही, शेवटी चिरूनच पाठवलं. टीव्हीच्याही पुड्या, रक्तदाबाच्याही पुड्या, सगळ्या एकाच वाटेने धक्काबुक्की करत. मग मोठं कोण, धाकटं कोण, ते डबा ठरवतो. आवाजाच्या पुडीला पहिला मान, कारण आवाज उशिरा पोचला तर पोचून उपयोग नाही. म्हटलं, घरात नाही तर नाही, तारेत तरी म्हातारीच्या आवाजाला मान आहे. आणखी एक सांगितलं तिने, ते तुमच्यासाठी लक्षात ठेवलं. पुड्यांच्याही जाती असतात. एका जातीची पुडी वाटेत हरवली तर पलीकडचा शांतपणे म्हणतो, पुन्हा पाठव. दुसऱ्या जातीत एक जरी हरवली तरी पलीकडचा असा रुसतो की सगळं कामच बंद. या दोन्ही जातींना एका तारेतून नेणं हेच तिच्या नोकरीतलं मोठं दुखणं. मी म्हटलं, यात काय एवढं, मी ते लग्न झाल्यापासून केलंय. वन्सं, तुमची जात कुठली ते मी लिहीत नाही.

आता तुमचं माझं. तुमचे भाऊ गेले त्याच आठवड्यात आपलं सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून जे झालं ते झालं. मशीन माझ्याकडे राहिलं, त्याची बॉबिनची डबी तुम्ही पदरात बांधून नेलीत, आणि तेव्हापासून ना तुम्हाला शिवता येतं ना मला. तोंड बघायचं नाही असं तुम्ही म्हणालात, दाखवणार नाही असं मी म्हणाले, आणि दोघी शब्दाला पक्क्या. मग एक दिवस सकाळी आमचा फोन दोनदा वाजला आणि थांबला. आमच्याकडे त्या वेळेला फोन करणारं दुसरं कोण आहे? मी थोडं थांबले आणि तुमच्याकडे दोनदा वाजवून ठेवून दिला. ठरवलं कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. आधी तुम्ही, कारण नणंदेचा मान, मग मी. उचलायचा नाही, कारण उचलला तर पहिलं वाक्य त्या डबीचं येणार हे दोघींनाही माहीत. दोन रिंगा, म्हणजे म्हातारी अजून आहे. माझ्याकडून दोन, म्हणजे हीसुद्धा आहे, नाइलाज आहे. घरात कोणाला पत्ता नाही. सगळे समजतात, या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. ते आहेच. त्याचा आणि याचा काय संबंध?

तर झालं असं की मध्यंतरी भामट्यांचे फोन फार यायला लागले. मला त्यांचा त्रास नव्हता. एका गोड आवाजाच्या बाईने मला बक्षीस लागल्याचं सांगितलं, मी तिला आमच्या सूनबाईबद्दल सांगायला लागले, शेवटी तिनेच हात जोडून फोन ठेवला. पण चिरंजीव घाबरले. मग नातसुनेने डब्यात एक पहारेकरी बसवला. माणूस नाही, आतल्या आत असतो. कोणाचा फोन भल्याचा आणि कोणाचा भामट्याचा हे तो स्वतः बघून बघून शिकतो. आता तुम्हीच त्याच्या जागी बसून बघा. एक नंबर रोज सकाळी त्याच वेळेला वाजतो, दोनदा वाजून तोंड लपवतो, कधी एक शब्द बोलत नाही, घरातलं कोणी तो उचलत नाही. तुम्ही काय समजाल? तोही तेच समजला. एक दिवस त्याने तुम्हाला वेशीवरच अडवलं, आणि माझ्यापर्यंत फोन वाजलाच नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, झोप लागली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, रुसल्या असतील, पण रुसून रुसून तुम्ही आणखी किती रुसणार, जागाच उरलेली नाही. तिसऱ्या दिवशी मी फोनच्या शेजारी भाजी निवडायला बसले आणि देठं ठेवून पानं टाकून दिली. तुम्ही म्हणाल, मग तू का नाही वाजवलास? कसा वाजवणार? आधी तुम्ही, मग मी. ओ देणाऱ्याने हाक मारायची नसते. आणि घरात विचारू तरी कोणाला? ज्या बाईचं नाव काढायचं नाही असं मीच सांगून ठेवलंय, तिची चौकशी कुठल्या तोंडाने करायची? चिरंजीवांना आडून विचारलं, तुझ्या आत्याकडचं काही कळलं का रे. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तुला काय करायचंय आई, तुम्ही बोलत नाही ना? माझंच शिकवणं, मलाच परत आलं.

शेवटी मान गुंडाळून ठेवला आणि एका दुपारी मीच लावला. तुमच्या सुनेने उचलला. कोणी उचलेल हे माझ्या ध्यानीमनीच नव्हतं, इतकी वर्षं तो कोणी उचललेला नाही. ती हॅलो हॅलो करत राहिली, मी श्वास धरून मागचं ऐकत राहिले, कोणी रडतंय का. भांडी घासल्याचा आवाज आला. पण घरातलं माणूस गेलं म्हणून काही भांडी आपोआप घासली जात नाहीत. मी ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी मी शिवणयंत्राची खोळ काढली, पुसलं आणि तेल घातलं. का, ते मला विचारू नका. खूप वर्षं घातलं नव्हतं, एवढंच.

आता तुमच्या मुलाचं. त्याने तुम्हाला त्याच्या सोयीचं सांगितलं असणार, म्हणून माझ्याकडून ऐका. दुपारी घरात मी एकटी, मालिका बघत होते. सासू सुनेला विष द्यायचं की नाही या विचारात असताना चित्र थांबलं आणि मधोमध एक गोल फिरायला लागलं. म्हणजे डबा स्वतःला सुधारत होता. तो अधूनमधून सुधारतो, आणि सुधारत असताना, नातसून सांगते, घरातल्या घरात सगळं चालू असतं, फक्त बाहेर जायचं यायचं बंद (आमच्या चिरंजीवांचं निवृत्तीनंतर असंच झालंय). त्या गोलाच्या जागी एकदम टीव्हीवर तुमचा मुलगा आला. दाराबाहेरचा कॅमेरा टीव्हीला जोडलाय ना. बेल त्याने दाबली असणार, ती वाजली नाही, पण चेहरा मात्र भिंतीएवढा समोर. उतरलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात फळांची पिशवी. बोलावल्याशिवाय कधी न आलेला भाचा असा येऊन उभा राहतो म्हणजे काय ते मी ओळखलं.

दाराशी गेले तर कुलूप उघडेना. ते कुठल्यातरी लांबच्या यंत्राला विचारतं, उघडू का म्हणून, आणि तेव्हा विचारायची वाट बंद. (आतून हाताने फिरवायची एक खिट्टी आहे असं मला नंतर सांगण्यात आलं. नंतर.) म्हणून मी शेजारची खिडकी उघडली. मला बघून तुमचा मुलगा पांढराफटक पडला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आता मला कळतं की तुम्ही त्याला मामी गेली असं सांगून धाडलं होतंत, आणि गेलेली मामी गजांतून त्याच्याकडे बघत होती. पण तेव्हा मला वाटलं, दुःखाने वाचा बसली. म्हणून मीच म्हटलं, "कधी रे गेल्या?"

"कोण?" तो म्हणाला.

"कोण काय? तुझी आई."

वन्सं, तो तुम्हाला सकाळी धडधाकट, शिव्या घालताना सोडून निघाला होता. त्याला वाटलं, तो वाटेत असताना मागून इथे फोन आला. त्याने पिशवी टाकली, फळं पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत गेली, आणि तो मटकन खाली बसून असा रडायला लागला की मला त्याही स्थितीत वाटलं, चला, म्हातारीने एवढं तरी कमावलं. मी खिडकीतून त्याच्या पाठीवर हात फिरवायला गेले तर हात पोचेना, म्हणून डोक्यावर थापट्या मारल्या. त्याने रडत रडत घरी फोन लावला. आता त्याचा फोन आमच्या डब्याला ओळखतो. नातवाच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला आला होता (तुम्ही नाही आलात, ते मी विसरलेले नाही) तेव्हा त्याने तो जोडून घेतला होता. माणसं विसरतात, फोन विसरत नाही. दारात पाऊल ठेवल्याबरोबर तो आपणहून डब्याच्या गळ्यात पडला, आणि डबा तर दार लावून सुधारत बसलेला. कितीही लावला तरी आत एक बाई शांतपणे म्हणे, संपर्क होऊ शकत नाही. झालं, तुमच्या मरणावर शिक्कामोर्तब. समोरची बाई तांब्या घेऊन आली ती तेव्हाच. तिनेही थोडं रडून घेतलं, ती तुम्हाला ओळखतही नाही.

इतक्यात नातसून कामावरून आली. पायरीवर रडणारा काका, रस्त्यावर फळं, खिडकीत मी. तिने काय ते ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, कोणी सांगितलं? मी म्हटलं, याने. तो म्हणाला, मामीने. ती म्हणाली, "काका, रस्त्यापलीकडे जाऊन लावा बघू. इथे तुमचा फोन आमच्या डब्याला चिकटलाय." तो गेला, त्या खांबापाशी उभा राहिला जिथून आपली जुनी तार यायची, आणि तिथून तुमचा आवाज मला इथे खिडकीत ऐकू आला. फोनची गरज नव्हती. कोण मेलं म्हणून बोंबलतोस, मला मारून मोकळा झालास का, तिकडे ती गेली ते बघायला पाठवलं तुला आणि तू माझ्याच नावाने गळा काढतोस? तो म्हणाला, आई, मामी आहे. तुम्ही म्हणालात, कशी असेल, ती बाई रोज सकाळी सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. (तो आमचा पहारेकरी. अडवलेल्याला तो असं सभ्यपणे सांगतो. माझ्या अस्तित्वाबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं.) मग तुम्ही म्हणालात, "वहिनी आहे का तिथे, विचार."

मी म्हटलं, "नाही म्हणून सांग."

"ऐकलं मी," तुम्ही म्हणालात. "नाही म्हणते म्हणजे आहे." आणि फोन ठेवलात.

एवढंच आपलं बोलणं. पण रिंगांची गोष्ट त्या दिवशी फुटली. नातसुनेने डब्याचं पोट उघडून बघितलं, पहारेकऱ्याने तुम्हाला कधी अडवलं ते तिला तिथे दिसलं, आणि मला रिंगांचं सगळं सांगावं लागलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, आजी, आम्ही यालाच प्रोटोकॉल म्हणतो. आधी कोणी हाक द्यायची, मग कोणी ओ द्यायची, ओ नाही आली तर किती थांबायचं. पण तुमच्यात एक कमी आहे. तुमची ओ त्यांना पोचली, हे तुम्हाला कसं कळायचं? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची रिंग आली की. ती म्हणाली, एवढा उशीर आमच्यात चालत नाही. मी म्हटलं, आमच्यात चालायचा.

आता रात्री कूस बदलताना मनात एकच येतं. आधी प्रत्येक गोष्टीची तार वेगळी होती तेव्हा आपली दोघींची एक तार होती, आणि ती कोणाच्या हिशेबात नव्हती. आता सगळ्यांची एकच तार, आणि तिच्यात आपल्याला जागा नाही, कारण आपण बोलत नाही. न बोलणाऱ्याची पुडीच बांधता येत नाही म्हणे. यावर उपाय काय ते मला दिसत नाही. बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद. तुमच्या मुलाची फळं समोरच्या बाईने वेचून आणून दिली, आम्ही खाल्ली, जरा चेपलेली होती.

ता. क. मशीन व्यवस्थित आहे, तेलाने चाक हलकं फिरतं. डबी तुमच्याकडेच राहू द्या, मागत नाही. मशीन घेऊन जा असंही म्हणत नाही.

ता. क. दुसरा. नातसुनेने तुम्हाला सोडवलंय, पण म्हणाली, पहारेकरी शिकलेलं विसरत नाही, चार दिवसांत पुन्हा अडवेल. त्याच्या लेखी घरचं माणूस म्हणजे ज्याच्याशी बोलणं होतं ते. आणि तुमचा मुलगा जाताना सांगून गेला, तुमच्याकडेही जुनी तार काढून हाच डबा बसणार आहे. म्हणजे मग तिकडे मी भामटी. तेव्हा हे पत्र मिळाल्यापासून दोनदा वाजवून ठेवायचं बंद. कोणीतरी उचलेपर्यंत वाजवायचं, आणि काहीतरी बोलायचं. काय बोलतो ते त्याला कळत नाही, हे मी नीट विचारून घेतलंय. डबी देणार नाही, एवढं तुम्ही म्हटलंत तरी पुरे. नकोच आहे, असं मी म्हणेन. तेवढ्या दोन पुड्या गेल्या की त्या दिवसापुरतं झालं.

या पत्राला उत्तर तुम्हीच द्यायचं. तुमच्या मुलाने नाही, सुनेने नाही, त्या अस्तित्वात नाही म्हणणाऱ्या बाईने तर नाहीच. कागदावर नको, फोनवर द्या, सकाळी, नेहमीच्या वेळेला. आधी तुम्ही, मान तुमचा. मी उचलणार आहे.